प्रार्थनेत वाढायचंय पण रोज जमत नाही, त्यांच्यासाठी

मी मिरजेत राहते, नर्स आहे, वीसेक वर्षं वॉर्डात काम करतीये. आमच्या मंडळीतल्या तरुण मुली, नव्यानं विश्वासात आलेल्या बायका, कधी कधी तर चांगल्या पन्नाशीच्या काकू पण मला एकच गोष्ट विचारतात, की सिस्टर प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही, बायबल उघडलं की डोळे मिटतात, इतकी वर्षं चर्चला येतोय पण आत काही वाढतंय असं वाटत नाही, काय करायचं. उपासना संपल्यावर आवारात उभं राहून पाच मिनिटांत हे सांगता येत नाही म्हणून इथं नीट लिहितीये. मी पाळक नाही, शास्त्र शिकलेली नाही, जे स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगते.

पण आधी द्राक्षबागेचं सांगू द्या, कारण माझं डोकं तिथंच ठिकाणावर आलं.

पप्पांचे एक मित्र तासगावकडचे, त्यांची दोन एकर बाग आहे. एका एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याकडं गेलो तेव्हा खरड छाटणी चालू होती. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, मागच्या हंगामाची सगळी काडी एखाद-दुसऱ्या डोळ्यावर (डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिथनं कोंब फुटतो) कापून टाकतात, तारेवर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या राहतात, खाली काड्यांचा खच आणि वर रणरणतं ऊन. मी म्हटलं काका, सगळंच कापलं की, आता राहिलं काय? तर म्हणाले, "पोरी, फुडचा घड आत्ताच ठरतोय. आता जी काडी फुटंल तिच्या डोळ्यात तो धरतोय, दिसत न्हाय एवढंच." नंतर त्यांनी सांगितलं की ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या तपासायला नेतात, तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की आत सूक्ष्मघड आहे का. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा येणारा-जाणारा बघून म्हणेल की नुसता पालाच दिसतोय, तेव्हा आत घड तयार होत असतो, आणि खायला द्राक्ष मिळतं ते ऑक्टोबर छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी.

योहानाचा १५ वा अध्याय मी संडे स्कूलमध्ये पाठ केलेला. येशू द्राक्षवेल, पिता माळी, आपण फाटे, आणि फळ देणारा फाटासुद्धा माळी साफसूफ करतो, अजून फळ यावं म्हणून. पाठ होता, कळला त्या दिवशी. काका काही घड ओढून बाहेर काढत नव्हते, ते कुणाच्याच हातात नाही. पण पाणी, छाटणी, शेंडा मारणं, औषध, हे सगळं वेळच्या वेळी केलं नाही तर घड धरतच नाही, नुसता पाला येतो. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला हेच लिहितो, मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं (१ करिंथ ३:६). आणि फिलिप्पैकरांस पत्रात २:१२ आणि १३ ही दोन वचनं आहेत, पहिल्यात म्हणतो आपलं तारण भीत कापत साधून घ्या, दुसऱ्यात म्हणतो ती इच्छा आणि ती कृती तुमच्यात देवच साधून देतो. ही दोन्ही एकत्र वाचायची. आपल्यात काही जण नुसतं दुसरं धरून बसतात, देव करेल म्हणतात आणि दहा वर्षं तिथंच असतात. काही जण पहिलं धरतात, सगळं स्वतःच्या जोरावर, आणि दमून चिडचिडे होतात, मी ह्या दमणाऱ्यांतली होते. दर १ जानेवारीला अख्खं बायबल वर्षात वाचायचा संकल्प, आणि लेवीय, म्हणजे बायबलातलं तिसरं पुस्तक, तिथपर्यंत आलं की बंद, मग उरलेलं वर्ष अपराधी वाटण्यात.

आता करायचं काय ते.

दहा मिनिटं घ्या. एक तास नाही, अर्धा तास पण नाही. आणि घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. मी आधी पहाटे ५ चं ठरवलेलं, येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जायचा (मार्क १:३५) म्हणून. पण माझी ड्युटी तीन शिफ्टमध्ये फिरते, नाईट असली की ५ वाजता मी सलाईन बदलत असते, मग एक आठवडा चुकला की सगळंच सुटायचं. आता माझं असं आहे की कुठलीही शिफ्ट असू दे, युनिफॉर्म घालायच्या आधी दहा मिनिटं. युनिफॉर्म तर घालावाच लागतो, त्यामुळं प्रार्थना पण होतेच. तुम्ही शेतावर जात असाल तर धार काढून झाल्यावर, दुकान असेल तर शटर उघडायच्या आधी, लहान मुलं असतील तर शाळेची रिक्षा गेल्या गेल्या. मत्तय ६:६ मध्ये येशू म्हणतो खोलीत जा, दार लावून घे. आपल्याकडं कित्येकांच्या घरात दोनच खोल्या आणि सहा माणसं, दार कुठलं लावणार, तर गच्चीचा जिना चालतो, गोठ्याची पायरी चालते. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यात बायबलचं ॲप आहे हे मला पण माहितीये, तरी पुस्तक घ्या, कारण ॲप उघडलं की वरनं व्हॉट्सॲपची पट्टी येते आणि गेलं मन.

बोलायचं कसं, ह्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. आपण लहानपणापासून मंडळीत ज्या प्रार्थना ऐकतो त्या एका ठरलेल्या भाषेत असतात, हे कृपाळू कनवाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी लेकरे तुझ्या चरणाशी लीन होतो वगैरे. उपासनेत ते चांगलंच आहे, सगळ्यांनी मिळून बोलायची ती भाषा आहे. पण एकटीनं बसल्यावर मी तेच बोलायला लागले की माझं मलाच कळायचं की हे तोंड बोलतंय, मी नाही. घरी आईशी जसं बोलता तसं बोला. आपल्या सातारकडच्यांना तर हे अवघड जाऊ नये. रेव्हरंड टिळक, नारायण वामन टिळक, आयुष्याच्या शेवटी साताऱ्यातच होते, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी तिथं 'देवाचा दरबार' सुरू केला. ते म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, आणि ख्रिस्ताशी बोलले ते अभंगातनंच, थेट तू म्हणून, लेकरू बोलतं तसं, हट्ट करत, रुसत. ती गाणी आपण दर रविवारी म्हणतो आणि घरी गेल्यावर प्रार्थनेत परत कागदी भाषा काढतो. मी आता काय बोलते तर, "प्रभू, आज मला लई कंटाळा आलाय, तुझ्याशी बोलायचा पण कंटाळा आलाय, तरी बसलीये." हे खरं असतं म्हणून प्रार्थनेला चालतं.

नुसतं बोलायला सुचत नसेल तर एक पद्धत सांगते, मला सगळ्यात उपयोगी पडलेली. जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याचा एक न्हावी होता, पीटर नावाचा, त्यानं विचारलं प्रार्थना कशी करू, तर लूथरनं १५३५ साली त्याच्यासाठी लिहूनच काढलं. त्यात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसावर असतं, इकडं तिकडं बघत गप्पा मारत बसला तर गिऱ्हाईकाचं नाक कापेल, प्रार्थनेला पण तसंच लक्ष लागतं. आणि मग तो सांगतो की एक वचन घ्यायचं आणि त्याचा चार पदरी गोफ विणायचा. हे वचन मला काय शिकवतं, ह्यात आभार कशाचे मानू, ह्यात माझं काय चुकलंय, आणि आता मी काय मागू.

करून दाखवते. प्रभूच्या प्रार्थनेतली "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" ही ओळ घ्या. पहिला पदर, शिकवण. आज म्हटलंय, महिन्याची नाही म्हटलेली. आणि आम्हांस म्हटलंय, मला नाही. दुसरा पदर, आभार. काल रात्री ड्युटीवरनं आले तर सासूबाईंनी ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, अजून मऊ होत्या, त्याचे आभार मी काल मानलेच नव्हते, ना देवाचे ना सासूबाईंचे. तिसरा पदर, कबुली. जाऊबाईंनी सांगलीत फ्लॅट घेतला तेव्हापासून माझ्या मनात हिशोबच चाललाय, माझ्या ताटातलं मला दिसतच नाहीये. चौथा पदर, मागणं. आजचा पगार पुरू दे, आणि आमच्या वॉर्डातल्या ७ नंबर बेडवरच्या आजीला कुणी डबा आणत नाही, तिला दे. झालं, सात-आठ मिनिटं गेली. आणि शेवटचं मागितल्यावर मला तिथंच कळलं की डबा मीच नेऊ शकते. असं बऱ्याचदा होतं, मागता मागता काम आपल्याच हातात येतं.

मन भटकलं तर घाबरू नका, सगळ्यांचं भटकतं. जिथं भटकलं तेच प्रार्थनेत घ्या. गॅसची टाकी आठवली, तर गॅसच्या टाकीबद्दल दोन शब्द देवाला सांगून टाका आणि परत या. स्वतःवर चिडण्यात जो वेळ जातो तो भटकण्यापेक्षा जास्त असतो.

दिवसभरासाठी एक छोटी प्रार्थना ठेवा, श्वासाबरोबर म्हणता येईल अशी. लूक १८ मध्ये तो जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत म्हणतो ना, हे देवा, माझ्या पाप्यावर दया कर, तेवढीच. पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांत शेकडो वर्षं लोक येशूचं नाव घालून ही म्हणत आलेत, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. मी एका बेडपासून दुसऱ्या बेडपर्यंत चालताना म्हणते. आठ-दहा पावलं असतात, एकदा म्हणून होते.

आता कोरड्या दिवसांचं. हे येणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, सांगलीत आमच्या नात्यातली तीन घरं पाण्यात होती, आम्ही इकडं रात्र रात्र प्रार्थना केली की पाणी उतरू दे, आणि पाणी वाढतच गेलं. नंतर शिबिरात औषधं वाटायला गेले, हात चालत होते पण प्रार्थना येईना. कितीतरी आठवडे येईना. तेव्हा एका वयस्कर बाईंनी मला सांगितलं की तुझे शब्द संपलेत तर स्तोत्रांचे घे, ती त्यासाठीच आहेत. मी १३ वं स्तोत्र वाचायला लागले, किती वेळ परमेश्वरा, किती वेळ, असंच सुरू होतं ते. आणि ८८ वं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एकही आशेची ओळ शेवटी नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. मला तेव्हा एवढंच कळलं की असं बोललेलं पण देवाला चालतं. रोम ८:२६ मध्ये पौल म्हणतोच की आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो. त्यामुळं कोरड्या दिवसात एकच करायचं, दहा मिनिटं सोडायची नाहीत. काही वाटलं नाही तरी बसायचं. वाटणं हे मोजमाप धरलं की फसायला होतं, एप्रिलची बाग बघून कुणी पीक सांगतं का.

उपासाबद्दल थोडक्यात. आपल्याकडं उपास म्हटलं की शेजारीपाजारी साबुदाणा असतो, आपला तसा नाही, आपण एक वेळचं सोडतो. पहिल्या काळातले ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायचे, मी फक्त शुक्रवारी दुपारचं सोडते. दोन गोष्टी लक्षात ठेवा, कुणाला सांगत सुटायचं नाही (मत्तय ६:१६ ते १८), आणि जे वाचलं ते कुणाच्या तरी ताटात गेलं पाहिजे, यशया ५८ वाचा म्हणजे कळेल देवाला कुठला उपास आवडतो. आणि नर्स म्हणून सांगते, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर जेवण सोडू नका. टीव्ही सोडा, चहा सोडा, बाजारातली खरेदी सोडा, देवाला ते पण कळतं.

इथपर्यंत प्रार्थना झाली, पण नुसती प्रार्थना करून मी वाढले असं मी म्हणणार नाही. आपल्या मिरजेत डॉक्टर वानलेसांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, त्यांचं नाव आपण वानलेसवाडी म्हणून रोज तोंडात घेतो. परदेशातनं इतक्या लांब आलेल्या माणसानं ह्या गावासाठी प्रार्थना तर केलीच असणार, पण हातात चाकू पण घेतला. आपल्या स्वभावावर पण असंच हातानं काम करावं लागतं.

गलती ५ मध्ये आत्म्याचं फळ सांगितलंय, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ. नऊच्या नऊ एकदम धरू नका. एक घ्या, तीन महिने घ्या. मी सौम्यता घेतली, कारण पेशंटच्या नातेवाइकांवर मी फार ओरडायचे. तर मी काय केलं, सौम्य व्हायचं असं मोघम ठरवलं नाही. ठरवलं की भेटायची वेळ संपल्यावर कुणी आत दिसलं तर आधी विचारायचं "कुठनं आलाय तुम्ही?" आणि मग बाहेर जायला सांगायचं. एवढंच. जतवरनं आलोय, आटपाडीवरनं आलोय, पहाटेची एसटी धरली, असं ऐकलं की आवाज चढतच नाही. काही वेळा चढला, नाही असं नाही, मग त्या माणसाला शोधून माफी मागितली. माफी मागणं हा पण त्यातलाच भाग धरा, टाळू नका.

आणि सगळ्यात अवघड. मत्तय ५:२३-२४, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. माझा सख्खा भाऊ आणि मी घराच्या वाटणीवरनं तीन वर्षं बोलत नव्हतो. मी रोज प्रार्थना करत होते, महिला मंडळात वचन सांगत होते, आणि हे वचन आलं की पान उलटत होते. तुमच्या प्रार्थनेत काहीतरी अडकलंय असं वाटत असेल तर आधी इथं शोधा. मी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेले. भाषण तयार केलेलं, दारात सगळं विसरले, एवढंच म्हणाले की दादा, माझं बोलणं चुकलं. वाटणीचं बरोबर होतं का चूक ते काढलंच नाही. त्यानं ये म्हटलं, वहिनीनं चहा केला, दादा टीव्हीकडं बघत बसला. वीस मिनिटांनी मी उठले. गळ्यात पडणं, रडणं असलं काही झालं नाही. पण त्या रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा ते पान उलटावं लागलं नाही.

हे सगळं एकटीनं करू नका. एक माणूस शोधा, बाईला बाई, पुरुषाला पुरुष, जिला आठवड्यातनं एकदा खरं खरं सांगता येईल. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो, पण ते चौकात करा म्हणत नाही, तेव्हा माणूस पारखून घ्या. तिच्या तोंडून तुम्ही कधी दुसऱ्याचं गुपित ऐकलं असेल तर तुमचं पण पुढं जाणार. माझी मैत्रीण आणि मी रविवारी उपासनेनंतर चालत घरी येतो, अर्धा तास लागतो, ती फक्त विचारते की ह्या आठवड्यात कुठं घसरलीस. उपदेश करत नाही.

रात्री झोपायच्या आधी, अंथरुणातच, दिवस उलटा आठवायचा, रात्रीपासून सकाळपर्यंत. कुठं देव जवळ वाटला, कुठं मी त्याच्यापासून लांब गेले, उद्या कुणाला भेटायचंय. तीन-चार मिनिटं. झोप लागली तर लागू दे. आणि एखादा दिवस सगळंच चुकलं, दहा मिनिटं पण नाही झाली, तर दुसऱ्या दिवशी तिथनंच पुढं, मागचं भरून काढायला डबल करायचं नाही, लेवीयात मी तशीच अडकायचे.

एक वही ठेवा. शंभर पानी साधी वही, तिच्यात दोन रकाने, एकात ज्यांच्यासाठी प्रार्थना करताय त्यांचं नाव आणि सुरू केल्याची तारीख, दुसऱ्यात उत्तर मिळालं तर ती तारीख. रोज सगळी नावं नका घेऊ, पाच-पाच घ्या. माझ्या वहीत काही तारखा सुरू केल्यापासून चौथ्या दिवशीच्या आहेत, काही अकरा वर्षांनंतरच्या. ७ नंबर बेडवरच्या आजीच्या नावापुढं तारीख आहे, ती बरी होऊन घरी गेली. दादाच्या नावापुढं अजून मी काही लिहिलेलं नाही. मागच्या महिन्यात त्याचा फोन आलेला, आईच्या औषधाचं विचारायला, दोन मिनिटं बोलला. सकाळी त्याचं नाव घेते आणि पुढच्या नावावर जाते.